झाडावरच्या हेडमास्तरांमार्फत

रजेच्या अर्जात माणसं काय काय कारणं लिहितात, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं. ताप येतो, पाहुणे येतात, आजी वारते. काहींची आजी तर दर दोन वर्षांनी वारते. पण 'घरट्यात दोन अंडी असून तिथे माझी आवश्यकता आहे, तरी दोन दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी' असा अर्ज मी एकदाच वाचला. वाचला म्हणजे काय, मीच लिहिला. अर्जदाराचं अक्षर त्याला स्वतःलाही लागत नसे.

मी तेव्हा नवीनच शिक्षिका झाले होते. शिरपूर जैनहून सकाळची पहिली बस धरायची, मध्ये एकदा बदलायची, रिठदच्या पुढे एका फाट्यावर उतरायचं आणि तिथून पायी. गावाच्या खालच्या अंगाला तलाव आणि तलावाच्या काठापर्यंत वावरं. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत गणित-विज्ञानाला हे अर्जदार सर होते, त्याच गावचे. उंच, वाळकुडे, मान जरा पुढे काढलेली. गळ्यात कायम एक जुनी दुर्बीण, तिची डावी काच फुटलेली. त्यामुळे लांबचं काही पाहायचं झालं की ते आपोआप डावा डोळा मिटत, मग गळ्यात दुर्बीण असो वा नसो. वर्गात मागच्या बाकावर कोण बोलतंय हेसुद्धा ते एक डोळा मिटूनच शोधत. मुलं नवीन असली की त्यांना वाटायचं, सर डोळा मारतात.

"मॅडम, तुमचं अक्षर चांगलं हाय," ते पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले. "हे जरा पक्कं लिहून द्या. माह्या अक्षरावर रजा नाही भेटत."

मी कच्चा मजकूर वाचला. "कुणाची अंडी, सर?"

"हेडमास्तरची."

आमचे मुख्याध्यापक समोरच्याच खुर्चीत हजेरीपट पाहत बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"हे नाही," सर शांतपणे म्हणाले. "झाडावरचे."

खुर्चीतल्या मुख्याध्यापकांना याची सवय असावी. त्यांनी मान वर न करता अर्ज घेतला आणि शेरा मारला, 'अंडी दोन, रजा एक दिवस मंजूर.'

तर हे झाडावरचे हेडमास्तर म्हणजे एक मत्स्यगरुड. तलावाकाठी सरांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अर्जुनाचं एक जुनं प्रचंड झाड होतं. त्याच्या शेंड्याजवळ काटक्यांचं घरटं होतं. घरटं कसलं, बैलगाडीभर जळण कुणीतरी वर नेऊन ठेवल्यासारखं दिसे. नर-मादी दर वर्षी दिवाळीनंतर येत, जुन्याच घरट्यावर नव्या काटक्या रचत आणि उन्हाळ्यापर्यंत पोरं वाढवून उडवून देत. गावात कुणी त्यांना घार म्हणे, कुणी गिधाड. सरांनी नराला हेडमास्तर हे नाव दिलं त्याला कारण होतं. करडं डोकं, अंगात तपकिरी जाकीट, खाली पांढरं स्वच्छ. दिवसभर वाळक्या फांदीवर ताठ बसायचं, काहीच करत नाही असं दाखवायचं, आणि कुणाचंही लक्ष नसताना एकदाच खाली झेपावायचं. आमच्या मुख्याध्यापकांचं जाकीटही तपकिरीच होतं. मादी अंगाने नराहून थोराड, म्हणून ती मोठ्या बाई.

मोठ्या बाईंचा आवाज पोकळ आणि दणदणीत. सकाळी तलावावर ती ओरडली की कुणीतरी घसा खाकरून हाका मारतंय असं वाटे. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा घाबरून फाट्यावरून परत जायला निघाले होते.

सरांचं सगळं शिकवणं या पक्ष्यावरून चाले. "आधी पाहा, मंग गप राहा, मंग एकदाच झडप घाला," हे त्यांचं गणित सोडवण्याचं सूत्र. त्यामुळे आमच्या शाळेत उत्तर आलं की मुलं हात वर करून "सर, झडप घालू काय?" असं विचारत. एकदा तपासणीला आलेले साहेब सातवीच्या वर्गात हा प्रश्न ऐकून दोन पावलं मागे सरले होते.

विज्ञानात प्रकाशाचं वक्रीभवन आलं की स्वारी विशेष खुलत असे. पाण्यातला मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. म्हणून गरुडाचं पिल्लू सुरुवातीला हमखास चुकतं, दिसेल तिथे पंजा मारतं आणि नुसतं पाणी घेऊन वर येतं. "दिसते तिथं नसते," सर फळ्यावर आडवी-तिडवी रेघ मारत सांगत. "मोठा गरुड हे शिकलेला असते. आपुन जन्मभर नाही शिकत." हे वाक्य पुढे त्यांच्यावरच उलटलं, ते सांगतेच.

घरी त्यांच्या या वेडाचा हिशेब वहिनी वेगळ्या तऱ्हेने वसूल करत. मत्स्यगरुडात नरही अंड्यांवर बसतो, ही माहिती सरांनी एकदा मोठ्या कौतुकाने घरी दिली. वहिनींनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "तो बसते अंड्यावर, अन् आपली पोरगी झाली तवा तुमी कुठी होते?" सर तेव्हा तलावावर होते. त्या दिवसापासून सकाळचा चहा त्यांच्याकडे लागला, आणि मी गेले तेव्हा भाकरीही त्यांच्याकडेच होती. भाकरी गोल नसे, पण फुगत असे.

दुसरं म्हणजे त्यांनी मासा सोडला. हा माणूस मूळचा पट्टीचा खवय्या, तलावातली मरळ म्हणजे जीव की प्राण. पण जोडी झाडावर आल्यापासून त्यांनी तलावातल्या माशाला हात लावला नाही. "हेडमास्तरले दुसरं काहीच चालत नाही, नुसता मासा," ते म्हणत. "आपल्याले वांगं चालते, तूर चालते, सगळं चालते. मंग त्याच्या ताटातलं कायले ओढाव?" वहिनी मात्र दर रविवारी स्वतःपुरता मासा करत आणि सरांच्या समोर बसून खात. हे त्यांचं भांडण नव्हतं, करमणूक होती.

खरं भांडण दुसरीकडे होतं. अर्जुनाचं झाड धुऱ्यावर, आणि धुऱ्याच्या पलीकडे सरांच्या चुलतभावाचं वावर. हे चुलतभाऊ सरांपेक्षा मोठे. गावभर त्यांना दादा म्हणत. दोघांत बारा वर्षं अबोला होता. झालं काय होतं, तर एका हंगामात नांगरटीच्या वेळी सरांनी धुरा कोरला, असं दादांचं म्हणणं, आणि हे म्हणणं त्यांनी चहाच्या टपरीवर, दहा माणसांत, असं मांडलं की "मास्तर पोराईले भूमिती शिकवते अन् घरी येऊन धुरा कोरते." सरांना धुरा कोरल्याच्या आरोपापेक्षा भूमिती लागली. तेव्हापासून बोलणं बंद. बंद म्हणजे पुरुषांचं. दोघी जावांना तेवढा वेळ नव्हता. मागच्या भिंतीवरून दोन्ही घरांत विरजण, लोणचं आणि बातम्या रोज जातच होत्या.

दादांना ते झाड नको होतं. संध्याकाळची सावली त्यांच्या पिकावर पडे. पण झाड धुऱ्यावरचं, म्हणजे दोघांचं, म्हणून तोडता येत नव्हतं. सरांनी गप बसायचं होतं, बस. ते सोडून या विद्वान माणसाने काय करावं? सरकारी मोजणी मागवली. झाड संपूर्ण आपल्याच हद्दीत येतं हे त्यांनी स्वतः दोरी लावून तीन वेळा मोजून ठेवलं होतं. एकदा कागदावर आलं की दादांच्या तोंडाला कायमचं कुलूप, आणि भूमितीचा अपमानही धुऊन निघेल, असा तो डाव होता.

मोजणीवाले आले, त्यांनी यंत्र लावलं, खुणा केल्या, हद्दीचा दगड रोवला. दगड झाडाच्या अलीकडे, सरांच्या बाजूला, चांगला हातभर आला. अख्खं झाड दादांचं ठरलं.

सोमवारी सर शाळेत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात दुर्बीण नव्हती. मधल्या सुट्टीत कळलं की वाशीमचा एक लाकूडवाला दादांकडे येऊन गेला, आणि पाडव्यानंतर आरा लावायचं ठरलं. घरट्यात त्या वेळी दोन पिल्लं होती, अंगावर अजून धड पिसंही न फुटलेली. त्यांना उडायला पाडवा काय, त्यापुढचाही महिना लागला असता.

मला मनापासून राग आला. "सर, दिसते तिथं नसते, हे तुम्हीच शिकवता ना?"

"हो," ते म्हणाले. एवढंच.

त्यांचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. मग मी वनखात्याकडे तक्रार करू म्हटलं. असा पक्षी, घरट्यात पिल्लं, कायद्याने झाडाला कुणी हात लावू शकत नाही.

"भाऊ हाय तो माहा, मॅडम. त्याच्या दारात सरकारी मानूस म्या पाठवू?"

"मग बोला त्यांच्याशी."

"बोलत नाही नं आमी," सर बसची वेळ सांगावी तसं म्हणाले. त्यापुढे विषय नाही. त्यांना एकच मार्ग दिसत होता, फेरमोजणी. त्याचाही अर्ज मलाच पक्क्या अक्षरात लिहायला दिला. मी लिहिला, पण रागारागाने. त्यातल्या वेलांट्या अजून आठवतात. फेरमोजणी होईपर्यंत झाड उभं राहणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अर्ज त्यांनी घरी कपाटात ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं आणि "जरा लवकर या, वावरात जाऊ" असंही सांगितलं. मी गेले. सर झाडाच्या पश्चिमेला, दगडाच्या अलीकडे, पोतं अंथरून बसले. दगड ओलांडला नाही. पलीकडे दादा आमच्याकडे पाठ करून हरभरा सोंगत, म्हणजे कापत होते. धिप्पाड माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला. वर वाळक्या फांदीवर हेडमास्तर, घरट्याच्या काठावर मोठ्या बाई.

सरांनी वर पाहून नमस्कार केला. "हेडमास्तर, पोरं कशी हायत? पिसं फुटून राह्यली वाटते. पन उडाले अजून दोन महिने लागतीन. तवर झाड उभं राह्यलं तं बरं होईन. म्या कोनाले म्हनत नाही, तुमालेच सांगून राह्यलो."

पलीकडचा विळ्याचा आवाज थांबला. दादा तसेच पाठमोरे राहून वर तोंड करून म्हणाले, "मोठ्या बाई, त्या मास्तराले सांगा का झाड आता माह्यं हाय. मोजनी त्यानंच आनली. मंग माह्या झाडाखाली काहून बसून राह्यला?"

"हेडमास्तर, म्या झाडाखाली नाही बसलो. सावलीत बसलो. सावली माह्या वावरात पडून राह्यली."

"मोठ्या बाई, सांजची सावली माह्या वावरात पडते. तिथं हरभऱ्याचे घाटे भरत नाही. ते बी सांगा त्याले."

लेकी बोले सुने लागे, हे मी आयुष्यभर ऐकत आले, पण लेक झाडाच्या शेंड्यावर बसलेली कधी पाहिली नव्हती. मला हसू आवरेना. दोघांनी एकदम वळून माझ्याकडे रागाने पाहिलं. बारा वर्षांत त्यांनी मिळून केलेलं ते पहिलं काम असावं.

पण हसता हसता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मोठ्या बाई हे नाव सरांनी ठेवलेलं. दादांना ते ठाऊक होतं. म्हणजे इतकी वर्षं पाठ करून ते सगळं ऐकत होते. मला त्या क्षणी वाटलं, हे झाड वाचेल.

तेवढ्यात हेडमास्तर फांदीवरून सुटले. तलावावर खाली गेले, पाण्याला पाय लागल्यासारखं झालं, आणि वर आले ते जड होऊन. पंजात मरळ, चांगली हातभर लांब. एवढं ओझं घेऊन ते घरट्याकडे येत असताना कुठूनशी एक घार मागे लागली. तिने एक झेप घेतली, दुसरी घेतली, आणि हेडमास्तरांच्या पंजातून मरळ सुटली. ती धप्पकन पडली ती हद्दीच्या दगडावर. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

दोघेही उठून उभे राहिले. मासा अजून शेपटी हलवत होता. हेडमास्तर एक चक्कर मारून पुन्हा तलावाकडे गेले. त्यांना खाली पडलेल्यात रस दिसला नाही. इकडे हे दोघं मात्र माशाकडे पाहत उभे. दादांच्या मनात काय असेल ते मला सांगता येत नाही, पण सरांच्या मनात काय होतं ते स्पष्ट दिसलं, कारण ते खाली बसले आणि चक्क विती घालून मासा मोजू लागले.

"दगडाच्या तिकडं दीड वीत, इकडं एक," ते म्हणाले. मग वर पाहिलं. वर हेडमास्तर नव्हतेच. तरी रिकाम्या फांदीकडे पाहून म्हणाले, "हेडमास्तर, मोजनीपरमानं हा मासा दादाचा."

दादा हा शब्द त्या तोंडातून बारा वर्षांनी निघाला होता, फांदीला उद्देशून का होईना. दादांनी कल्ल्यात बोट घालून मासा उचलला, डोक्याचा दुपट्टा सोडून त्यात गुंडाळला आणि अर्धा हरभरा तसाच टाकून घराकडे चालू लागले.

आम्ही घरी आलो. वहिनींनी वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकर केली होती. त्या दिवशी भाकरीला सरांना सुट्टी दिली होती. ताटं वाढली आणि दारात कुणीतरी खाकरलं. मागच्या भिंतीवरून नाही, पुढच्या दारात. दादा उभे होते, हातात झाकलेली वाटी. वहिनींनी डोक्यावर पदर ओढला.

"बाई," दादा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "हे हेडमास्तरनं देल्लं म्हना." वाटी ओट्यावर ठेवून ते निघूनही गेले.

वाटीत मरळीचा रस्सा होता, वर तेलाचा लाल तवंग. वहिनींनी ती आणून सरांच्या ताटाशी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सरांनी मासा सोडून चार वर्षं झाली होती. न खावा तर दारात आलेली वाटी परत गेली असती, आणि मग त्या झाडाचं काय झालं असतं हे सांगायला कुणी गरुड लागत नव्हता.

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. मग माशाचा तुकडा उचलला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"तिखट हाय," ते म्हणाले.

मीही तोच रस्सा खाल्ला. तिखट नव्हता.

"चार वर्सं माह्या हातचा मासा तुमाले पाप होता," वहिनी म्हणाल्या. उरलेला रस्सा त्यांनी सरांच्या ताटात ओतला.

आमच्याकडे एका घरची वाटी दुसऱ्या घरी आली की रिकामी परत जात नाही. काही ना काही घालूनच धाडायची. वहिनींनी वाटी धुऊन गुळाचा मोठा खडा काढला. सर म्हणाले, थांबा. ते उठले, कपाट उघडलं आणि माझ्या अक्षरातला तो फेरमोजणीचा अर्ज काढला. त्याच्या चार घड्या घातल्या, तो वाटीच्या तळाशी ठेवला आणि वर गूळ ठेवला.

"सर, म्हणजे?"

"म्हनजे झाड त्याचं," ते म्हणाले. "मोजनी बरोबर हाय. माही दोरी ढिली होती."

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही वाटलं, कारण त्या झाडावर त्यांनी स्वतःच्या घरापेक्षा जास्त लक्ष ठेवलं होतं. वाटी घेऊन ते स्वतः गेले. मी गल्लीत उभी राहून पाहिलं. त्यांनी दादांच्या ओट्यावर वाटी ठेवली, तसेच वळले आणि परत आले. दोन्ही भाऊ एकाच मातीचे.

मंगळवारी सर गळ्यात दुर्बीण घालून शाळेत आले. "मोठ्या बाईकडून निरोप आला, मॅडम. लाकूडवाल्याले नाही म्हनून सांगतलं. पोरं उडू दे, मंग पाहू."

पोरं वैशाखात उडाली. दादांनी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अंडी, पुन्हा 'मंग पाहू'. तिसऱ्या वर्षी दादांनी त्या सावलीच्या पट्ट्यात हळद लावली. हळदीला थोडी सावली मानवते, हे त्यांना कुणी सांगितलं असेल? वहिनींच्या मते भिंतीवरून सांगितलं गेलं. सरांच्या मते हेडमास्तरांनी. हळद चांगली आली. झाडाबद्दल बोलणंच मग संपलं.

बाकीचं बोलणं मात्र वाढत गेलं, सगळं झाडामार्फत. दादांचे गुडघे, सरांच्या मुलीचं लग्न, गावातल्या निवडणुका, कुणाच्या बैलाला काय झालं. एक इकडून हेडमास्तरांना सांगे, दुसरा तिकडून मोठ्या बाईंना. पक्षी उडून गेल्यावर पावसाळ्यात रिकाम्या घरट्याला सांगत. मुलीच्या लग्नाचं पहिलं निमंत्रण सरांनी झाडाला दिलं आणि दादा लग्नात सगळ्यांच्या आधी हजर होते, पाच दिवस राबले, जेवणावळी वाढल्या. सरांशी बोलले नाहीत. मांडवात झाड नव्हतं.

पुढे माझी बदली मानोऱ्याकडे झाली. तिथल्या तांड्यांवरची मुलं, दिवाळीनंतर आईबापांबरोबर बाहेरगावी जाणारी आणि होळीच्या सुमारास परतणारी. त्यांच्या येण्या-जाण्याच्या याद्या करताना मला हेडमास्तरांची आठवण होई. सर निवृत्त झाले. वर्षातून दोनदा त्यांचा फोन यायचा, अंडी घातली की आणि पोरं उडाली की. हॅलो नाही, कशा आहात नाही. "दोन हायत" किंवा "गेले." फोन बंद.

मागच्या दिवाळीनंतर मात्र भलत्याच वेळी फोन आला. माझ्या शाळेत प्रार्थना चालू होती.

"मॅडम, हेडमास्तर नाही आले." त्यांचा आवाज खोल गेला होता. पावसाळ्यातल्या वादळात वरची फांदी मोडली, घरटं सगळं खाली आलं. आणि आता यायचे दिवस उलटून चालले तरी जोडीचा पत्ता नाही.

"दादा काय म्हणतात?"

"काय म्हनन? कोनामार्फत म्हनन? आमी दोघं येतो, आपापल्या बाजूनं बसतो, अन् उठून घरी जातो. पंधरा दिवस झाले."

फोन ठेवल्यावर मला त्या दिवशी शिकवणं जमलं नाही. दोन म्हातारे, मध्ये दगड, वर रिकामं झाड. इतक्या वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्यावर आलं असं वाटलं. पक्ष्याला काय, त्याला दुसरा तलाव मिळतो.

आठ दिवसांनी पुन्हा फोन.

"दादा बोलला."

"कुणाशी?"

"माह्याशी. 'आले नाही काय रे?' म्हने. रे म्हने, मॅडम."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हननार? पहिले तं रडू आलं. मंग म्हनलं, येतीन, दादा."

मी त्याच रविवारी गेले. फाट्यावर उतरून गावात न शिरता सरळ तलावाच्या वाटेला लागले. लांबूनच दिसलं, दोघे एकाच पोत्यावर बसले होते. सरांच्या बाजूला, सकाळच्या सावलीत. दुर्बीण हद्दीच्या दगडावर ठेवलेली होती. मी येतेय ते त्यांना दिसलं नाही, कारण भांडण रंगात आलं होतं.

"दोन तास कोरले होते तू त्या साली," दादा म्हणत होते. "नांगराचे दोन तास. कबूल कर."

"एक."

"दोन."

"एकच, दादा. अन् तो बी बैल ढळला म्हनून."

म्हणजे नांगराची एक सरी का होईना, सरांनी धुरा कोरला होता. इतक्या वर्षांत माझ्यापाशीसुद्धा हे कधी निघालं नव्हतं. मी जागच्या जागी थांबले. तेवढ्यात डोक्यावरून एक मोठी सावली सरकली. वर पाहिलं तर करडं डोकं, तपकिरी जाकीट, पांढऱ्या शेपटीला काळा काठ. पंजात एक लांबच लांब काटकी. हेडमास्तर मोडक्या फांदीच्या खालच्या बेचक्यात उतरले, काटकी आडवी ठेवली, पायाने दाबून पाहिली आणि दुसरी आणायला गेले. मागून मोठ्या बाई आल्या. अंड्यांसाठी रजा मागणारा माणूस बरोबर त्यांच्या खाली बसला होता आणि त्याने मान वर केली नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं. पण दादा पुन्हा "दोन" म्हणाले, सर "एक" म्हणाले, आणि मी तशीच मागे धुऱ्यावर जाऊन बसले.